अकरावी-बारावीसाठी आंतरराष्ट्रीय शाळा : निर्णयापूर्वी काय तपासावे?

परभणी, प्रतिनिधी

दहावीचा निकाल लागला की परभणी जिल्ह्यातील घराघरांत एकच प्रश्न चर्चिला जातो : आता पुढे कुठे? जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा असो की परभणी शहर, आजवर या प्रश्नाची उत्तरे ठरलेली होती. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर आणि ऐपत असेल तर पुणे किंवा कोटा. गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एका पर्यायाची भर पडली आहे. तो म्हणजे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत अकरावी-बारावी करणे. नोकरदार, डॉक्टर, व्यापारी आणि बागायतदार कुटुंबांतून या पर्यायाची चौकशी होऊ लागली आहे. मात्र या वाटेची माहिती बहुधा शाळेच्या माहितीपुस्तिकेतून किंवा परिचितांच्या सांगण्यातून मिळते आणि तिच्यात पुढील प्रवेशांच्या अटींचा उल्लेख क्वचितच असतो. ही दोन वर्षे पुन्हा मिळत नाहीत. सोळाव्या वर्षी निवडलेल्या विषयांमुळे काही दारे उघडतात, तशी काही कायमची बंदही होतात. त्यामुळे निर्णयापूर्वी तपासण्याच्या बाबींचा हा आढावा.

नावातील 'इंटरनॅशनल'

पहिली बाब संलग्नतेची. जिल्ह्याच्या ठिकाणीच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही आज 'इंटरनॅशनल स्कूल' अशा पाट्या दिसतात. हा शब्द शाळेच्या नावाचा भाग आहे. तो अभ्यासक्रमाचा पुरावा नव्हे. अशा नावाच्या बहुसंख्य शाळा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी, म्हणजे सीबीएसईशी, किंवा राज्य मंडळाशी संलग्न असतात. त्यात गैर काहीच नाही. पण मूल कोणत्या मंडळाची परीक्षा देणार आहे, हे पालकांना स्पष्ट ठाऊक असले पाहिजे.

खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय म्हणता येतील असे दोन अभ्यासक्रम भारतात प्रामुख्याने शिकवले जातात. एक इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, म्हणजेच आयबीचा डिप्लोमा. दुसरा केंब्रिजचा ए लेव्हल. दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर मान्यताप्राप्त शाळा शोधता येतात. शाळेचे नाव तेथे आढळले नाही, तर पुढची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. नाव आढळले तरी आणखी एक गोष्ट पाहावी. काही शाळांना केवळ प्राथमिक किंवा माध्यमिक टप्प्याची मान्यता असते, अकरावी-बारावीच्या टप्प्याची नसते. 'उमेदवार शाळा' म्हणजे मान्यता मिळालेली शाळा नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

मंडळे येतात आणि जातात, याचा अनुभव आपल्याकडे आहेच. सीबीएसईने २०१० मध्ये स्वतःचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू केला होता. तो २०१७ मध्ये गुंडाळण्यात आला. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये जिल्हा परिषदेच्या निवडक शाळा घेऊन महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ सुरू केले. तेही २०२१ मध्ये बंद करण्यात आले. त्यामुळे एखाद्या नव्या मंडळाची जाहिरात कितीही आकर्षक असली, तरी त्याच्या किती तुकड्या बाहेर पडल्या आणि ते विद्यार्थी आज कोणत्या विद्यापीठांत आहेत, हे विचारणे गरजेचे आहे.

आयबी डिप्लोमाचे स्वरूप

आयबी या संस्थेची स्थापना १९६८ मध्ये जिनिव्हा येथे झाली. तिचा डिप्लोमा अभ्यासक्रम सोळा ते एकोणीस वयोगटासाठी असून तो दोन वर्षांचा आहे. विद्यार्थ्याला सहा विषय घ्यावे लागतात : प्रथम भाषा व साहित्य, दुसरी भाषा, सामाजिक शास्त्रे, विज्ञान, गणित आणि कला. कलेऐवजी आधीच्या गटांतील आणखी एक विषय घेण्याची मुभा आहे. साधारणपणे तीन विषय उच्च स्तरावर आणि तीन सामान्य स्तरावर घेतले जातात. उच्च स्तरासाठी २४०, तर सामान्य स्तरासाठी १५० अध्यापन तास अपेक्षित आहेत.

प्रत्येक विषयाला कमाल ७ गुण, म्हणजे सहा विषयांचे ४२. याशिवाय ज्ञानमीमांसेचा एक अभ्यासक्रम आणि चार हजार शब्दांपर्यंतचा स्वतंत्र संशोधनपर निबंध या दोहोंचे मिळून कमाल ३ गुण असतात. एकूण ४५. कला, खेळ व समाजसेवा यांचा उपक्रम पूर्ण करणे बंधनकारक असले, तरी त्याला गुण नसतात. डिप्लोमा मिळण्यासाठी किमान २४ गुण आणि काही पूरक अटी पूर्ण व्हाव्या लागतात. दोन्ही वर्षे शाळेत हजर राहून केलेल्या लेखनकामाला, प्रयोगांना आणि सादरीकरणाला अंतिम गुणांत वाटा असतो. 'कॉलेजात नाव आणि क्लासमध्ये अभ्यास' ही आपल्याकडे रूढ झालेली पद्धत येथे चालत नाही.

गणिताची निवड विशेष जपून करावी. २०१९ पासून आयबीत गणिताचे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. एक विश्लेषणावर भर देणारा, दुसरा उपयोजनावर. आणि प्रत्येक दोन स्तरांवर. अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्राकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याने विश्लेषणाचा अभ्यासक्रम उच्च स्तरावर घेणे हिताचे. 'सोपे गणित घे, गुण वाढतील' हा सल्ला अकरावीत गोड वाटतो. पदवी प्रवेशाच्या वेळी तो महागात पडू शकतो.

केंब्रिज ए लेव्हल

केंब्रिजच्या पद्धतीत विषयांची संख्या कमी आणि खोली अधिक असते. सर्वसाधारणपणे विद्यार्थी तीन किंवा चार विषय घेतो. पहिल्या वर्षाअखेर एएस स्तराची आणि दुसऱ्या वर्षाअखेर ए लेव्हलची परीक्षा देता येते. ए-स्टार ते ई अशा श्रेणी मिळतात. विषयगटांची सक्ती नसल्याने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित असे चारही विषय एकत्र घेणे शक्य असते. ज्याची आवड निश्चित आहे, त्याला ही पद्धत सोयीची. ज्याची आवड अजून ठरायची आहे किंवा ज्याला विज्ञान आणि साहित्य दोन्ही हवे आहे, त्याला आयबी अधिक मानवते.

शाळा कोठे आहेत?

भारतात आयबी डिप्लोमा सर्वप्रथम आणणारी शाळा म्हणजे तमिळनाडूतील कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूल. शाळा १९०१ ची. आयबी १९७६ पासून. महाराष्ट्रात या शाळा प्रामुख्याने मुंबई आणि पुणे परिसरात एकवटल्या आहेत. मुंबईतील धीरूभाई अंबानी इंटरनॅशनल स्कूल २००३ मध्ये सुरू झाले. पुण्यात विमाननगरचे सिम्बायोसिस इंटरनॅशनल स्कूल, भुकूमचे इंडस इंटरनॅशनल स्कूल, हिंजवडीचे महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल ही नावे परिचित आहेत. परभणीच्या विद्यार्थ्याला घरी राहून शिकता येण्याचा प्रश्नच नाही. म्हणून निवासी सोय हा निवडीचा पहिला निकष ठरतो. शहरातील अनेक चांगल्या आंतरराष्ट्रीय शाळा केवळ दिवसाच्या असतात. पुण्यात घर भाड्याने घेऊन आईने मुलाबरोबर राहायचे, अशी व्यवस्था अनेक कुटुंबे करतात. तिचा खर्च आणि घरावर पडणारा ताण वेगळा मोजावा लागतो.

या सर्वांत स्वतंत्र उल्लेख करावा लागेल तो मुळशी तालुक्यातील पौडजवळच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजचा. १९६२ मध्ये वेल्समधील अटलांटिक कॉलेजपासून सुरू झालेल्या, शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या विचारांतून उभ्या राहिलेल्या चळवळीची ही भारतातील संस्था. १९९७ मध्ये ती सुरू झाली. येथे केवळ अखेरची दोन वर्षे शिकवली जातात आणि अनेक देशांतील मुले एकत्र राहून आयबी डिप्लोमा करतात. भारतीय विद्यार्थ्यांची निवड राष्ट्रीय समितीमार्फत अर्ज, निबंध व मुलाखतीतून होते. कुटुंबाच्या गरजेनुसार अर्थसाहाय्य दिले जाते. म्हणजे मध्यमवर्गीय किंवा शेतकरी कुटुंबातील गुणी मुलासाठीही हे दार तत्त्वतः उघडे आहे. अडचण माहितीची असते. अर्जाची प्रक्रिया विद्यार्थी दहावीत असतानाच सुरू होते. निकाल हातात आल्यावर चौकशी करणाऱ्या पालकाला त्या वर्षी उशीर झालेला असतो.

डॉक्टर व्हायचे असेल तर

आपल्या भागातील सर्वांत मोठे स्वप्न वैद्यकीय प्रवेशाचे. लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतून नावारूपाला आलेल्या 'लातूर पॅटर्न'ने मराठवाड्याच्या मनावर हे स्वप्न कोरले. २०२३ पासून परभणीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने ते अधिक जवळ आले आहे. आंतरराष्ट्रीय शाळा निवडताना नेमकी येथेच सर्वाधिक फसगत होते.

पहिला मुद्दा विषयांचा. एमबीबीएसच्या प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय बारावीच्या स्तरावर असावे लागतात. आयबीच्या नेहमीच्या रचनेत विज्ञान गटातून एक आणि कलेच्या जागी दुसरा असे दोनच विज्ञान विषय बसतात. तिसऱ्यासाठी शाळेमार्फत आयबीची विशेष परवानगी घ्यावी लागते. 'पुढे बघू' या उत्तरावर पालकांनी समाधान मानू नये. ही परवानगी याआधी किती विद्यार्थ्यांना मिळाली, ते लेखी विचारावे. केंब्रिजमध्ये तिन्ही विज्ञान विषय घेता येतात. पण तेथे इंग्रजी सुटण्याचा धोका असतो. त्यामुळे तीन विज्ञान विषयांवर न थांबता इंग्रजीचीही नोंद असल्याची खात्री करावी.

दुसरा मुद्दा राज्य कोट्याचा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. महाराष्ट्रात त्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा राज्यातील संस्थेतून उत्तीर्ण असण्याची अट आहे. अपवाद मोजकेच आहेत. परभणीचा विद्यार्थी कोडाईकनाल, मसुरी किंवा बंगळुरूच्या शाळेत बारावी करून परतला, तर त्याला केवळ १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि खासगी वा अभिमत संस्थांचा आधार उरतो. पुण्या-मुंबईच्या शाळेत गेल्यास हा प्रश्न येत नाही. पूर्वी मराठवाड्याच्या विद्यार्थ्याने बारावी विभागाबाहेर केली की ७०:३० च्या सूत्रामुळे त्याचे प्रादेशिक गणित बदलत असे. ते सूत्र २०२० मध्ये रद्द झाले.

तिसरा मुद्दा तयारीचा. 'नीट' ही ७२० गुणांची परीक्षा असून तिची तयारी एनसीईआरटीच्या पुस्तकांवर उभी असते. आयबीची उत्तरपत्रिका वेगळे कौशल्य मागते. तेथे युक्तिवाद, प्रयोगाची मांडणी आणि दीर्घ लेखन तपासले जाते. एकाच वेळी दोन्ही परीक्षांत उत्तम गुण मिळवणारी मुले असतात. परंतु त्यांच्या दिवसाला इतर मुलांपेक्षा जास्त तास नसतात. ज्या घरात एमबीबीएस आणि तेही शासकीय महाविद्यालयात एवढाच हेतू निश्चित आहे, तेथे आंतरराष्ट्रीय शाळा ही वाट सरळ नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

अभियांत्रिकी व कृषी प्रवेश

राज्याची सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असते. प्रश्नांत साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो. आंतरराष्ट्रीय शाळेतील विद्यार्थ्याला हा अभ्यासक्रम स्वतंत्रपणे करावा लागतो. अभियांत्रिकीप्रमाणेच कृषी पदवीचे प्रवेशही सीईटीतून होतात. म्हणजे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारालगत वाढलेल्या मुलालाही पुण्याहून परत येताना याच परीक्षेला सामोरे जावे लागेल. आयआयटीसाठीची जेईई हा आणखी वेगळा अभ्यास.

समकक्षतेचे प्रमाणपत्र ही यातील कागदोपत्री कडी. भारतीय विद्यापीठ संघाने आयबी डिप्लोमाला १९८३ पासून बारावीची समकक्षता दिली आहे. ए लेव्हललाही ठरावीक विषयसंख्या व श्रेणींच्या अटीवर ती मिळते. मात्र ही समकक्षता पूर्ण डिप्लोमाला आहे. काही विषयांची केवळ प्रमाणपत्रे हाती असतील, तर अडचण येते.

निकालाच्या तारखाही पाहाव्यात. भारतात आयबीची परीक्षा बहुधा मे महिन्यात होते आणि निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. तोपर्यंत अनेक भारतीय प्रवेश प्रक्रिया सुरू झालेल्या असतात. केंब्रिजने भारतासाठी मार्चच्या परीक्षेची सोय ठेवली आहे. तिचा निकाल मे महिन्यात येत असल्याने भारतातच पुढे शिकणाऱ्यांना ती उपयोगी ठरते. सर्व शाळा ही सोय घेत नाहीत.

परदेशी विद्यापीठे

या अभ्यासक्रमांचे खरे बळ परदेशी व भारतातील नव्या खासगी विद्यापीठांच्या प्रवेशात दिसते. उच्च स्तरावरील विषयांत चांगले गुण असल्यास अमेरिकेतील बरीच विद्यापीठे काही विषयांचे श्रेयांक देतात. जर्मनीचे उदाहरण बोलके आहे. भारतीय बारावीनंतर तेथे पदवीला थेट प्रवेश सर्वसाधारणपणे मिळत नाही. भारतात पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करणे, जेईई ॲडव्हान्स उत्तीर्ण होणे किंवा तेथील पूर्वतयारीचे वर्ष करणे यांपैकी एक मार्ग घ्यावा लागतो. आयबी डिप्लोमाला मात्र योग्य विषयरचनेच्या अटीवर थेट प्रवेशाची पात्रता मिळू शकते.

येथेही वेळापत्रक महत्त्वाचे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि ब्रिटनमधील वैद्यकीय शिक्षणासाठी अर्जाची मुदत बारावीच्या वर्षातील १५ ऑक्टोबरला संपते. अमेरिकेतील अर्ज नोव्हेंबर ते जानेवारीत जातात. अंतिम परीक्षा त्यानंतर होते. म्हणजे प्रवेशाचा प्रस्ताव शिक्षकांनी वर्तवलेल्या गुणांवर मिळतो. शाळेचे अंदाज प्रत्यक्ष निकालाशी किती जुळतात, हा प्रश्न म्हणूनच फार मोलाचा आहे.

सहा वर्षांचा हिशेब

आंतरराष्ट्रीय शाळांचे शुल्क वर्षाला काही लाखांत असते. त्यात प्रवेश शुल्क, अनामत, वसतिगृह, भोजन, सहली, संगणक आणि परीक्षा शुल्क वेगळे मोजावे लागते. परीक्षा शुल्क परकीय चलनाशी निगडित असल्याने ते दरवर्षी बदलू शकते. राज्याचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा आहे. त्यानुसार शुल्कनिश्चितीत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला स्थान आहे. मंजूर शुल्काचा तक्ता मागण्यात संकोच करू नये.

परंतु खरी चूक दोन वर्षांचाच हिशेब करण्यात होते. या शिक्षणाचा पुरेपूर उपयोग परदेशी किंवा महागड्या खासगी विद्यापीठात होतो. म्हणून हिशेब शाळेची दोन आणि पदवीची तीन-चार अशा सहा वर्षांचा करावा. साठवलेला पैसा किंवा विकलेली जमीन शाळेतच संपली आणि पदवीसाठी हात रिकामा राहिला, तर मूल शेवटी सीईटीच्याच रांगेत येते, तेही त्या परीक्षेची तयारी न करता. शिष्यवृत्तीच्या भरवशावर राहणाऱ्यांनी एक बाब ध्यानात घ्यावी. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर व पीएचडी शिक्षणासाठी आहे, पदवीसाठी नाही. पदवीसाठी मदत मिळते ती मुख्यत्वे त्या त्या विद्यापीठाकडून, आणि तिच्यासाठीचा अर्ज प्रवेश अर्जाबरोबरच करावा लागतो.

मराठी व सेमी माध्यमाची मुले

जिल्ह्यातील बहुतेक हुशार मुले मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातील असतात. गणित आणि विज्ञानाची इंग्रजी परिभाषा सेमीच्या मुलांना परिचित असते. कस लागतो तो इतिहास, अर्थशास्त्र आणि साहित्याच्या लेखनात. पहिले सहा महिने गुण घसरणे स्वाभाविक आहे. दहावीत ९५ टक्के मिळवलेल्या मुलाला सातपैकी चार गुण मिळाले की ते खचते, आणि आठशे रुपयांच्या पुस्तकापेक्षा त्या वेळी फोनवरचा एक धीराचा शब्द अधिक कामाला येतो. शाळेत भाषेसाठी स्वतंत्र साहाय्य आहे का, राज्य मंडळातून आलेली मुले आधीच्या तुकड्यांत होती का, त्यांचे पुढे काय झाले, हे विचारावे. शक्य असल्यास अशा एखाद्या माजी विद्यार्थ्याशी मुलाचे बोलणे करून द्यावे.

शाळेच्या भेटीत विचारायचे प्रश्न

१. अकरावी-बारावीच्या टप्प्याची मान्यता कोणत्या वर्षी मिळाली आणि आजवर किती तुकड्या बाहेर पडल्या?
२. गेल्या तीन वर्षांतील सरासरी गुण किती? केवळ पहिल्या आलेल्याचे नव्हे, संपूर्ण तुकडीचे.
३. किती विद्यार्थ्यांना पूर्ण डिप्लोमा मिळाला नाही?
४. हवे असलेले विषय त्याच स्तरावर निश्चित शिकवले जातील का? पुरेशी मुले नसल्यास विषय बंद होतो का?
५. विज्ञान व गणिताचे शिक्षक या शाळेत किती वर्षांपासून आहेत?
६. किती विद्यार्थी भारतात राहिले, किती परदेशी गेले आणि नेमक्या कोणत्या विद्यापीठांत?
७. विद्यापीठ प्रवेशाचा मार्गदर्शक पूर्णवेळ आहे का? त्याच्याकडे किती विद्यार्थी असतात?
८. मूल सत्राच्या मध्यात परत आणावे लागल्यास शुल्काचा किती भाग परत मिळतो?
९. वसतिगृहात रात्री जबाबदार व्यक्ती कोण असते? आजारपणात काय व्यवस्था आहे?

या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत आणि लेखी मिळाली, तर शाळेवर विश्वास ठेवण्यास जागा आहे. उत्तराऐवजी जलतरण तलाव दाखवला गेला, तर सावध व्हावे.

निर्णय केव्हा घ्यावा?

योग्य वेळ नववीची दिवाळी. तेव्हापासून वर्षभरात दोन-तीन शाळा पाहून होतात, दहावीच्या पहिल्या सत्रात अर्ज जातात आणि निकालापूर्वी प्रवेशाचे चित्र स्पष्ट होते. राज्यातील अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून सर्वत्र केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होत आहेत. शाळा निश्चित होईपर्यंत या प्रक्रियेतील अर्जही भरून ठेवावा. बरीच आंतरराष्ट्रीय महाविद्यालये ऑगस्टमध्ये सुरू होतात, त्यामुळे मधल्या दोन महिन्यांत इंग्रजी वाचनाची तयारी करता येते.

परत फिरण्याचा विचार करावाच लागला, तर तो पहिल्या काही आठवड्यांतच करावा. अर्धे वर्ष उलटल्यावर दुसऱ्या मंडळाच्या अकरावीत सामावून घेणे अवघड होते आणि वर्ष वाया जाण्याची भीती असते.

अखेर प्रश्न कोणता अभ्यासक्रम श्रेष्ठ, हा नाहीच. लातूरच्या वर्गातून देशातील उत्तम डॉक्टर घडले आहेत, आणि पौडच्या टेकडीवरून जगभरच्या विद्यापीठांत मुले गेली आहेत. ज्या मुलाला वाचायला, लिहायला, प्रश्न विचारायला आवडते, ज्याच्या पदवीच्या खर्चाची सोय आहे आणि ज्याचे ध्येय एकाच प्रवेश परीक्षेला बांधलेले नाही, त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय शाळा हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. यांपैकी काही नसताना केवळ प्रतिष्ठेपोटी हा निर्णय घेतला, तर त्याची किंमत पालकांच्या खिशाला तर पडतेच. मुलाच्या हातातून दोन वर्षेही जातात. म्हणून घरातील या बैठकीत ज्याच्याविषयी चर्चा चालली आहे, त्या सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीलाही बसवून घ्यावे आणि तिचे म्हणणे आधी ऐकावे.